फोटो नव्या सॉफ्टवेअरमध्ये जातात; त्यांवर केलेले काम जाते का?

संगणकावरचे फोटो सांभाळणारे सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: माझे सगळे फोटो नव्या सॉफ्टवेअरमध्ये येतील ना? याचे उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असते, आणि म्हणूनच या प्रश्नावर थांबणे धोक्याचे आहे. फोटो ही एक फाइल आहे. ती एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेता येते आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती उघडून दाखवते. मागे राहते ते आपले काम: फोटोंखाली लिहिलेल्या ओळी, चेहऱ्यांना दिलेली नावे, हजारांतून निवडून तारे दिलेले मोजके फोटो, स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लावलेल्या तारखा, उजेड आणि रंग यांत केलेल्या दुरुस्त्या, आणि विषयवार लावलेले अल्बम. कागदावरचा फोटो पुन्हा स्कॅन करता येईल. पण त्यात मागच्या रांगेत उभी असलेली चौथी व्यक्ती कोण, हे सांगणारे माणूस पुन्हा भेटेलच असे नाही. म्हणून या लेखाचा सगळा रोख फोटोंपेक्षा त्या कामावर आहे.

सॉफ्टवेअर बदलण्याचा निर्णय पुष्कळदा आपण घेतलेलाच नसतो. गूगलने आपल्या पिकासा या फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची देखभाल १५ मार्च २०१६ रोजी थांबवली. ॲपलने २०१४ मध्ये ॲपर्चर या आपल्या फोटो-सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले, २०१५ मध्ये आयफोटो आणि ॲपर्चर यांच्या जागी 'फोटोज' आणले, आणि मॅकओएस मोहावे ही मॅक संगणकांच्या कार्यप्रणालीची ॲपर्चर चालू शकेल अशी शेवटची आवृत्ती ठरली. विंडोज फोटो गॅलरी ज्या संचाचा भाग होती, त्या विंडोज इसेन्शियल्सची देखभाल १० जानेवारी २०१७ रोजी संपली. देखभाल संपली म्हणजे प्रोग्रॅम त्याच दिवशी बंद पडतो असे नाही. आधीच बसवलेला पिकासा पुढेही अनेकांच्या संगणकांवर चालत राहिला. मात्र संगणक बदलला किंवा त्याची कार्यप्रणाली अद्ययावत केली की एखाद्या दिवशी तो उघडत नाही, आणि मग आत काय होते हे पाहण्याचा सोपा मार्गच उरत नाही. जुना प्रोग्रॅम अजून उघडतो आहे हा काळ स्थलांतरासाठी सर्वांत मोलाचा आहे, कारण आतले काम बाहेर काढण्याची उत्तम सोय त्या प्रोग्रॅममध्येच असते.

आपले काम नेमके कुठे साठवले जाते

हा भाग नीट समजला की पुढचे सगळे आपोआप उलगडते. फोटोविषयीची माहिती तीन ठिकाणी असू शकते: फोटोच्या फाइलमध्येच, फोटोशेजारी ठेवलेल्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या संचात. एखाद्या कागदी फोटोची कल्पना करावी. त्याच्या पाठीवर लिहिलेले फोटोबरोबरच जाते. त्याला टाचणीने लावलेली चिठ्ठी जपून नेली तर जाते. आणि कपाटातल्या नोंदवहीत 'तिसरा खण, सातवा फोटो' असे लिहून ठेवलेले मात्र, फोटो दुसऱ्या कपाटात गेला की निरर्थक होते.

पाठीवरच्या मजकुराची सोय तीन मानकांनी केली आहे. कॅमेरा फोटो काढतानाच तारीख, वेळ, भिंगाचे नाभीय अंतर, प्रकाशाची मोजमापे इत्यादी गोष्टी लिहितो, त्या एक्झिफ या मानकानुसार. हे मानक जपानमध्ये १९९५ साली तयार झाले. मथळे, विषयशब्द, छायाचित्रकाराचे नाव अशा गोष्टींसाठी वृत्तसंस्थांच्या गरजेतून आलेले आयपीटीसी हे मानक आहे. ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने २००१ मध्ये आणलेले एक्सएमपी हे त्यानंतरचे आणि सर्वांत लवचीक. पुढे २०१२ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली. जेपेग फाइलमध्ये या तिन्हींसाठी जागा असते, आणि तिथे मजकूर लिहिल्याने चित्राला धक्का लागत नाही. जेपेग फोटो पुन्हापुन्हा जतन केल्याने त्याचा दर्जा घसरतो हे अनेकांना माहीत असते, आणि त्या भीतीने ते फाइलमध्ये काहीही लिहू देत नाहीत. परंतु मथळा किंवा विषयशब्द लिहिताना चित्राचा भाग जसाच्या तसा ठेवला जातो.

टाचणीची चिठ्ठी म्हणजे फोटोशेजारी राहणारी एक्सएमपी फाइल. कॅमेऱ्याच्या कच्च्या स्वरूपातील फाइल, म्हणजे रॉ फाइल, प्रत्येक उत्पादकाची वेगळी आणि बहुतांशी बंदिस्त रचनेची असल्यामुळे तिच्या आत लिहिण्याऐवजी शेजारी चिठ्ठी ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाते. इथे नावांचा एक घोळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. ॲडोबीचे लाइटरूम चिठ्ठीला नाव देताना मूळ फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरे, गाळते, तर डार्कटेबल हे दुसरे फोटो-सॉफ्टवेअर ते कायम ठेवून त्यापुढे 'डॉट एक्सएमपी' जोडते. त्यामुळे एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला दिसेलच असे गृहीत धरू नये. आधी दोन-चार फाइलींवर पाहावे.

नोंदवही म्हणजे डेटाबेस, आणि खरी अडचण इथेच आहे. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग हा एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस असतो. तुम्ही दिलेले तारे, विषयशब्द आणि केलेली संस्करणे, म्हणजे उजेड-रंगांतल्या दुरुस्त्या, प्रथम त्याच्यात जातात; फोटोत किंवा चिठ्ठीत ती आपोआप लिहिण्याची सोय असते, परंतु मुळात ती बंद असते. पिकासाचे वागणे संमिश्र होते. जेपेग फोटोचा मथळा आणि टॅग तो फाइलमध्येच लिहीत असे. तारे आणि चेहऱ्यांच्या चौकटी मात्र प्रत्येक फोल्डरमध्ये लपलेल्या 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' या फाइलमध्ये जात, आणि त्या चौकटींत कोण आहे याची नावे संपर्कांच्या तिसऱ्याच एका फाइलमध्ये असत. फोल्डर नव्या संगणकावर नेताना लपलेल्या फाइली वगळल्या गेल्या, किंवा 'ही कसली फाइल' म्हणून कोणी त्या पुसून टाकल्या, की चेहऱ्यांवरचे सगळे काम गेले. ॲपलच्या फोटोजमध्ये तर सगळा संग्रह एकाच लायब्ररी नावाच्या गाठोड्यात राहतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत त्या गाठोड्यातल्या मूळ फाइलींची नावेही अक्षर-अंकांच्या लांबलचक ओळी असतात. त्यामुळे गाठोडे उघडून हाताने फोटो बाहेर काढणे टाळावे. 'फोटोज'च्या मेनूत मूळ फोटो न बदलता निर्यात करण्याची सोय आहे, आणि ती वापरताना माहिती एक्सएमपी चिठ्ठीत देण्याचा पर्याय निवडता येतो.

संस्करणांचे काय होते

आजकालची बहुतेक सॉफ्टवेअरे मूळ फोटोला हात लावत नाहीत. आपण उजेड वाढवला, कडा कापल्या, रंग उबदार केले, की ती फक्त सूचनांची यादी ठेवतात आणि फोटो दाखवताना दर वेळी ती यादी अमलात आणतात. मूळ फोटो कायम शाबूत राहतो हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. पण स्थलांतराच्या वेळी तोच गळ्याशी येतो, कारण 'सावल्या चाळीस अंशांनी उजळा' या सूचनेचा अर्थ प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या गणिताने लावते. कापलेल्या कडा किंवा फिरवलेला कोन अशा भूमितीच्या गोष्टी काही वेळा भाषांतरित होऊ शकतात, आणि डार्कटेबल लाइटरूमच्या काही मोजक्या सूचना वाचण्याचा प्रयत्नही करते. परंतु रंग आणि उजेड यांचा तंतोतंत तोच परिणाम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो थोडा जागाखाऊ आहे. ज्या फोटोंवर मन लावून काम केले आहे त्यांची संस्करणासहित प्रत जुन्या सॉफ्टवेअरमधूनच निर्यात करावी, उच्च दर्जाच्या जेपेगमध्ये किंवा सोळा बिटांच्या टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या मोठ्या स्वरूपात), आणि मूळ फोटोही सोबत ठेवावा. सगळ्या संग्रहासाठी हे करण्याची गरज नसते. तारे दिलेले, छापलेले, कोणाला पाठवलेले फोटो एवढ्यांवरच भागते. पिकासाच्या वापरकर्त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: तिथे बदल 'जतन' केल्यावर दिसणाऱ्या नावाची फाइल बदललेली असे आणि मूळ फोटो 'डॉट पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवला जाई. नवे सॉफ्टवेअर तो फोल्डरही वाचू लागले तर प्रत्येक फोटो दोनदा दिसतो. आणि दुबार फोटो काढण्याच्या उत्साहात मूळच पुसला जाण्याचा धोका असतो.

नावे, तारे, चेहरे आणि देवनागरी

फाइलमध्ये लिहिलेली माहितीसुद्धा सगळीकडे सारखी वाचली जात नाही. ताऱ्यांसाठी एक्सएमपीमध्ये शून्य ते पाच असे मोजमाप आहे, म्हणून ते बहुतेक ठिकाणी सुखरूप पोचतात. आयफोटोतून फोटोजमध्ये जाताना मात्र ताऱ्यांचे रूपांतर विषयशब्दांत झाले होते, म्हणजे पाच तारे दिलेल्या फोटोला तशा अर्थाचा एक शब्द चिकटला. माहिती टिकली, पण ती शोधायची जागा बदलली. 'प्रवास' या शब्दाखाली 'डोंगर' आणि त्याखाली 'किल्ले' अशी उतरंड लावली असेल, तर आयपीटीसी आणि एक्सएमपीच्या साध्या रकान्यांत ती सपाट होते. लाइटरूम आणि डिजीकॅम ही फोटो सांभाळणारी सॉफ्टवेअरे ही उतरंड जपण्यासाठी स्वतःचे वेगळे रकाने वापरतात, आणि म्हणून नवे सॉफ्टवेअर त्यांपैकी कोणता रकाना वाचते हे पाहणे आवश्यक ठरते.

चेहऱ्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. चेहऱ्याची नोंद म्हणजे एक नाव आणि फोटोतल्या चौकटीचे स्थान. ॲडोबी, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, नोकिया आणि कॅनन यांच्या एका संयुक्त गटाने २०१० मध्ये ही नोंद एक्सएमपीमध्ये कशी लिहावी याचा समान नियम सुचवला, पण त्याआधीपासून मायक्रोसॉफ्टची स्वतंत्र पद्धत प्रचलित होती आणि आजही दोन्ही प्रकारच्या नोंदी असलेले फोटो सापडतात. डिजीकॅमसारखे सॉफ्टवेअर दोन्ही वाचू शकते. सगळीच वाचत नाहीत. शिवाय चौकटीचे स्थान फोटोच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात लिहिलेले असल्यामुळे नंतर फोटो कापला किंवा फिरवला की चौकट भलत्याच ठिकाणी बसू शकते. माझा आग्रह असा आहे की महत्त्वाच्या समूह फोटोंत चौकटींवर विसंबून न राहता 'डावीकडून उजवीकडे' अशी नावे मथळ्यातच लिहून ठेवावीत. मथळा हा साधा मजकूर असतो, आणि साधा मजकूर सर्वांत दूरवर जातो.

मराठीत मथळे आणि विषयशब्द लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना मुद्दाम द्यावीशी वाटते, कारण ती सहसा कोणी देत नाही. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत विषयशब्दासाठी ६४ बाइट आणि मथळ्यासाठी २००० बाइट एवढीच जागा आहे. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे देवनागरी विषयशब्द एकवीस चिन्हांच्या पुढे गेला की तो मध्येच तुटू शकतो, आणि मथळ्याला साधारण ६६६ चिन्हांची मर्यादा पडते. त्याशिवाय या जुन्या रचनेत मजकूर कोणत्या लिपिसंकेतात आहे हे वेगळे नोंदवावे लागते. ते नोंदवले नसेल तर नवे सॉफ्टवेअर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दाखवते. एक्सएमपी मुळातच युनिकोड या सर्व लिप्यांच्या समान संकेतात असल्यामुळे तिथे या दोन्ही अडचणी येत नाहीत. तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पर्याय असेल तर माहिती एक्सएमपीमध्ये लिहायला सांगावी, आणि स्थलांतरानंतर एखादा लांब, जोडाक्षरांनी भरलेला मराठी मथळा आवर्जून उघडून पाहावा.

तारखांचा गोंधळ

सगळे नीट झाले असे वाटत असताना काही वर्षांचे फोटो एकाच दिवसावर गोळा झालेले दिसतात, त्याचे कारण तारखांच्या प्रकारांत असते. फोटो काढल्याची तारीख एक्झिफमध्ये असते. फाइल तयार झाल्याची आणि शेवटची बदलल्याची तारीख संगणक ठेवतो. विंडोजमध्ये फाइलची नक्कल केली की 'तयार झाल्याची' तारीख नक्कल केल्याच्या दिवसाची होते. ज्या फोटोंत एक्झिफ तारीखच नाही, उदाहरणार्थ स्कॅन केलेले किंवा निरोपांच्या ॲपमधून आलेले, त्यांच्यासाठी नवे सॉफ्टवेअर संगणकाच्या तारखेचा आधार घेते आणि ते फोटो भलत्याच जागी जाऊन बसतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आपण तारीख सुधारली असेल, तर ती सुधारणा फाइलमध्ये लिहिली गेली की फक्त डेटाबेसमध्ये राहिली, हे आधी तपासावे. एक्झिफमध्ये वेळेबरोबर कालविभाग (टाइम झोन) लिहिण्याची सोय २०१६ मध्ये आली. त्याआधीचे परदेशातले फोटो काही तास मागे-पुढे दिसले तर फोटो बिघडले असे समजण्याचे कारण नाही.

ऑनलाइन सेवेतून फोटो परत आणणाऱ्यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. गूगल फोटोजमधील संग्रह टेकआउट या सोयीने उतरवून घेतला की प्रत्येक फोटोबरोबर जेसन प्रकारची एक छोटी मजकूर-फाइल येते, आणि त्या सेवेत लिहिलेले वर्णन किंवा सुधारलेली तारीख त्या फाइलमध्ये असते. नेहमीची बरीच सॉफ्टवेअरे ती फाइल वाचत नाहीत. तिच्यातली माहिती फोटोत उतरवून घेण्यासाठी एक्झिफटूल हे विनामूल्य साधन उपयोगी पडते; ते आज्ञा टंकून चालवावे लागते हे खरे, पण फाइल बदलताना मूळ फाइलची प्रत ते आपण होऊन राखून ठेवते.

प्रत्यक्ष स्थलांतर

आता कृतीचा क्रम सांगतो, आणि यात क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रथम सगळ्या संग्रहाची, लपलेल्या फाइली आणि जुन्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस यांसकट, वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत करावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून बाजूला ठेवावी. त्यानंतर जुन्या सॉफ्टवेअरमध्येच बसून जेवढी माहिती फोटोंत किंवा चिठ्ठ्यांत लिहवून घेता येईल तेवढी लिहवून घ्यावी. लाइटरूम क्लासिकमध्ये सगळे फोटो निवडून माहिती फाइलमध्ये जतन करण्याची आज्ञा देता येते, पिकासाच्या ३.९ या आवृत्तीत चेहऱ्यांची नावे फोटोत लिहिण्याचा पर्याय होता. हजारो फोटोंसाठी या कामाला बराच वेळ लागतो. ते अर्धवट तोडू नये. अल्बम मात्र या मार्गाने जात नाहीत, कारण अल्बम ही फोटोंची यादी असते आणि ती कोणत्याही एका फोटोच्या पाठीवर मावत नाही. त्यावर तोडगा असा की प्रत्येक अल्बममधल्या सर्व फोटोंना त्या अल्बमच्या नावाचा विषयशब्द द्यावा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या शब्दाने शोध घेतला की अल्बम पुन्हा उभा करता येतो. ही युक्ती साधी असली तरी वर्षांची मेहनत वाचवते.

त्यानंतर लगेच सगळा संग्रह नव्याकडे सोपवू नये. शंभरेक फोटोंचा नमुना निवडावा, आणि तो मुद्दाम अवघड निवडावा: रॉ आणि जेपेग अशी जोडी, चलचित्रासह असलेला फोनचा फोटो, उभा काढलेला फोटो, मराठी मथळ्याचा, चेहऱ्यांना नावे असलेला, तारीख सुधारलेला, कडा कापलेला. आयफोनच्या लाइव्ह फोटोत स्थिर चित्र आणि छोटे चलचित्र अशा दोन फाइली असतात, आणि नवे सॉफ्टवेअर त्यांना जोडी म्हणून ओळखते की दोन सुट्या वस्तू म्हणून दाखवते, हे या नमुन्यातच कळते. इथे सापडलेली चूक शंभर फोटोंपुरती असते.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो आणताना ते फोटोंच्या प्रती स्वतःच्या जागी करून घेते, की आहेत तिथेच ठेवून फक्त नोंद करते, हे जाणून घ्यावे. पहिल्या पद्धतीत जागा दुप्पट लागते. दुसऱ्या पद्धतीत फोल्डर बाहेरून हलवले की नोंद तुटते. दोन्ही सॉफ्टवेअरे काही महिने सोबत ठेवायची असतील, तर लिहिण्याची परवानगी एकालाच असावी, नाहीतर एकाने केलेली दुरुस्ती दुसरे जुन्या मजकुराने पुसून टाकते.

सगळे फोटो आल्यावर फाइलींची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी, आणि प्रती अचूक झाल्या आहेत का हे एसएचए-२५६सारख्या पडताळणी-अंकांनी तपासावे. हा अंक फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढला जातो, त्यामुळे फोटोत एक शब्द लिहिला तरी तो बदलतो. म्हणून पडताळणीची यादी माहिती लिहवून घेतल्यानंतर आणि फोटो नव्या जागी प्रत करण्याच्या आधी तयार करावी. उलट क्रमाने केली तर सगळेच फोटो बिघडले असा खोटा निष्कर्ष निघतो. दुबार फोटो शोधणारी साधनेही याच कारणाने चकतात: चित्र तेच असले तरी मजकूर वेगळा असेल तर त्यांना दोन भिन्न फाइली दिसतात. दुबार फोटो काढण्याचे काम स्थलांतरात मिसळू नये. ते नंतर सावकाश करावे, आणि कोणती प्रत ठेवायची हे ठरवताना जिच्यावर मजकूर आहे ती ठेवावी.

नवे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, याविषयी मत देताना मी त्यातल्या चित्रसंस्करणाच्या सोयी नंतर पाहीन आणि आधी त्यातून बाहेर पडण्याची वाट पाहीन. ते माहिती एक्सएमपीमध्ये लिहिते का, लिहिण्याचा पर्याय कुठे आहे, चेहऱ्यांच्या नोंदी सर्वमान्य नियमाने ठेवते का, आणि सगळा संग्रह एका आज्ञेत निर्यात करते का, हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावेत. आणि लिहिण्याचा पर्याय बंद असेल तर पहिला मथळा लिहिण्याआधी तो चालू करावा. जुना डेटाबेस आणि जुन्या प्रोग्रॅमची बसवण्याची फाइल निदान एक वर्ष तरी टाकून देऊ नये. एखादा हरवलेला अल्बम किंवा न आलेले नाव सहसा पहिल्या आठवड्यात लक्षात येत नाही. ते लक्षात येते जेव्हा कोणीतरी एका विशिष्ट दिवसाचा फोटो मागते आणि आपण तो शोधू लागतो.